परदेशी पॅकेट संदेश वाटेतच हरवतो? रेडिओ उघडण्याआधी पत्ता वाचा

हौशी पॅकेट रेडिओवर (संगणकी संदेश रेडिओने तुकड्या-तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीत) परदेशी संदेश न पोहोचण्याची तक्रार वारंवार येते, आणि दर वेळी पहिला संशय अँटेनावर जातो. मग केबल बदलली जाते, टीएनसीची (रेडिओ आणि संगणक जोडणाऱ्या पेटीची) पातळी फिरवली जाते, डिजिपीटरला (पॅकेट ऐकून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनला) दोष दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष पत्त्यातल्या '@' च्या उजवीकडे असतो. संदेशाचा पत्ता म्हणजे दोन टोकांच्या सिसॉपांमधला, म्हणजे मेलबॉक्स चालवणाऱ्यांमधला, करार. एका टोकाने त्यातल्या शब्दाचा एक अर्थ धरला आणि दुसऱ्याने दुसरा, की संदेश भरकटतो. रेडिओ मात्र आपले काम चोख करत राहतो आणि संदेश चुकीच्या ठिकाणी बिनचूक पोहोचवतो.

वाचताना एक लक्षात असू द्या. पत्ते टंकताना रोमन मोठी अक्षरे वापरतात. इथे तेच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. बीबीएस म्हणजे संदेश साठवून पुढे पाठवणारा मेलबॉक्स. उदाहरणांत 'बीबीएस' जिथे आहे तिथे त्या मेलबॉक्सचे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे स्टेशनचे नाव, समजा.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची आहे.

- संदेश तुमच्याच बीबीएसवर 'एन' (नवा) खुणेने दिवसेंदिवस पडून आहे. पाठवताना 'या पत्त्यासाठी मार्ग नाही' अशा अर्थाची सूचना आली असेल, आणि ती नजरेतून सुटली असेल.
- संदेशाला 'एफ' लागला, म्हणजे तो पुढे गेला, पण समोरच्याला मिळालाच नाही.
- संदेश मिळाला, पण आठवडाभराने आणि भलत्याच खंडातून फिरून.
- दोन बीबीएस तोच संदेश एकमेकांकडे टोलवत राहतात; शेवटी एखादे सॉफ्टवेअर त्याला 'एच' लावून अडवून ठेवते.
- तुमचा संदेश जातो, पण त्याला दिलेले उत्तर परत येत नाही.
- एका देशापुरते बुलेटिन (सर्वांसाठीचा संदेश) सगळ्या जगात जाते, किंवा जगासाठीचे बुलेटिन शेजारच्या बीबीएसपलीकडे जात नाही.

दुवाच जुळत नसेल, पुन्हापुन्हा प्रयत्न होऊन तुटत असेल, तर तो वेगळा आजार आहे. ओळखायचे सोपे आहे: त्याच दुव्यावरून जवळपासचे संदेश नीट ये-जा करत असतील तर रेडिओ, मोडेम, टीएनसी यांना हात लावू नका.

पत्ता कसा वाचला जातो

एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या प्रोटोकॉलला फक्त कॉलसाइन कळते: जास्तीत जास्त सहा अक्षरे आणि पुढे ० ते १५ मधला एसएसआयडी (एकाच कॉलसाइनची स्टेशने वेगळी ओळखणारा आकडा). १९८४ साली त्याची २.० आवृत्ती छापली गेली तेव्हा एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत पॅकेट नेणे एवढाच प्रश्न होता. देशोदेशीच्या मेलबॉक्सांनी एकमेकांचे टपाल न्यायला सुरुवात केल्यावर अडचण उभी राहिली. प्रत्येक सिसॉपला जगातल्या प्रत्येक बीबीएसचे नाव आपल्या यादीत ठेवावे लागे. तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डब्ल्यू०आरएलआय या मेलबॉक्स सॉफ्टवेअरभोवतीच्या मंडळींनी टिंबांनी जोडलेला उतरंडीचा पत्ता रूढ केला:

बीबीएस.प्रदेश.देश.खंड

डावीकडे सर्वांत नेमके, उजवीकडे सर्वांत ढोबळ. भारतातल्या बीबीएसला ब्रिटनमधल्या एखाद्या बीबीएसचे नावही माहीत असायला नको. 'युरोपचे टपाल अमक्याला द्यायचे' एवढे कळले की पुरे. युरोपात पोहोचल्यावर देश बघितला जाईल, देशात पोहोचल्यावर प्रदेश.

दुखणे पुढच्या नियमात आहे. मूळ रीतीप्रमाणे बीबीएस हा पत्ता डावीकडून उजवीकडे तपासते आणि आपल्या यादीत जो तुकडा पहिल्यांदा सापडेल त्यावर संदेशाची वाट ठरवते. त्यामुळे प्रदेशाचा दोन अक्षरी संकेत दुसऱ्या खंडातल्या एखाद्या राज्याच्या संकेताशी जुळला, तर देश आणि खंड वाचायची पाळीच येत नाही. बीपीक्यूसारखी आजची सॉफ्टवेअर संपूर्ण उतरंड जुळवतात. पण संदेशाच्या वाटेवर पाच बीबीएस असतील आणि त्यांतले एकच जुन्या रीतीचे असेल, तरी गोंधळ व्हायला तेवढे पुरते.

तपासणी १: अक्षर अन् अक्षर पुन्हा वाचा

फुकटची तपासणी, आणि आधी हीच करा. पाठवलेला संदेश आपल्याच बीबीएसवर उघडून वरचा पत्ता पाहा. मनात काय होते ते बाजूला ठेवा, पडद्यावर काय आहे ते वाचा.

शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांची अदलाबदल सर्वांत जास्त होते. कॉलसाइनमधला अंक चुकला तर बीबीएसला ते 'अनोळखी नाव' वाटते आणि ते पुढच्या तुकड्याकडे जाते. संदेश त्यामुळे योग्य देशापर्यंत पोहोचतो आणि तिथे अडतो. म्हणून ही चूक उशिरा कळते.

प्राप्तकर्त्याच्या कॉलसाइनला एसएसआयडी जोडू नका. '-१', '-८' या गोष्टी दुवा जुळवताना लागतात. टपालाच्या पत्त्यात प्राप्तकर्त्यासाठी सहाच अक्षरांची जागा आहे. घरच्या बीबीएसच्या नावालाही तोच नियम.

दोन टिंबे सलग, शेवटी सुटलेले टिंब, टिंबाऐवजी स्वल्पविराम, मध्येच रिकामी जागा, या चुका डोळ्यांना दिसत नाहीत पण यंत्राला दिसतात. रिकाम्या जागेनंतरचा भाग बीबीएस सोडून देऊ शकते. मग पत्त्यात खंडच उरत नाही. लांबीही पाहा. एफबीबी हे बीबीएस सॉफ्टवेअर '@' नंतरच्या मजकुरासाठी ४० अक्षरे राखते, त्यामुळे प्रदेशाखाली आणखी दोन-तीन उपप्रदेश लावण्याची हौस करू नये.

तपासणी २: त्या माणसाचे घर तिथेच आहे ना?

पत्ता बिनचूक आहे, पण त्या व्यक्तीने ते बीबीएस कधीच सोडले आहे, असेही होते. बीबीएसांच्या जाळ्यात 'व्हाइट पेजेस' नावाची फिरती नोंदवही असते. 'आय' ही आज्ञा देऊन पुढे कॉलसाइन लिहिले की नोंद दिसते: नाव, गाव, घरचे बीबीएस आणि नोंदीची तारीख.

नोंदीबरोबर 'यू' असेल तर ती वापरकर्त्याने स्वतः भरलेली आहे. 'जी' असेल तर ती केवळ अंदाज आहे. त्या माणसाचा संदेश एखाद्या बीबीएसवरून जाताना दिसला आणि यंत्राने तेच घर धरले. सुट्टीत दुसऱ्या गावाहून पाठवलेल्या एका संदेशावरूनही असा अंदाज बांधला जातो. 'जी' नोंदीवर भिस्त ठेवून परदेशी संदेश पाठवू नका; समोरच्याला दुसऱ्या मार्गाने विचारून घ्या.

तुमच्या बाजूनेही तेच पाहा. उत्तर येत नसेल तर बहुधा तुमचीच नोंद चुकलेली आहे. एफबीबीवर 'एनएच', बीपीक्यूवर 'होमबीबीएस' या आज्ञेने घरचे बीबीएस नोंदवा, आणि ते एकच ठेवा. दोन बीबीएसवर दोन वेगवेगळी घरे नोंदवली की पहिले म्हणते 'तो दुसरीकडे राहतो', दुसरे म्हणते 'तो पहिल्याकडे राहतो', आणि संदेश झोका खेळत राहतो. टोलवाटोलवीच्या तक्रारींत आधी हेच तपासावे. सिसॉपला रात्री फोन करण्याची गरज निम्म्या वेळा इथेच संपते.

तपासणी ३: देशाचा संकेत

देशासाठी आयएसओ ३१६६ मधले तीन अक्षरी संकेत वापरायचे, हा बऱ्यापैकी पक्का झालेला करार आहे. भारत आयएनडी, ब्रिटन जीबीआर, अमेरिका यूएसए, जपान जेपीएन. इथवर सोपे. चुका होतात त्या इंग्रजी नावावरून संकेत अंदाजाने बनवल्याने:

- जर्मनी: 'जीईआर' नव्हे, डीईयू
- स्वित्झर्लंड: 'एसडब्ल्यूआय' नव्हे, सीएचई
- नेदरलँड्स: 'एचओएल' नव्हे, एनएलडी
- दक्षिण आफ्रिका: 'आरएसए' नव्हे, झेडएएफ
- स्पेन: 'एसपीए' नव्हे, ईएसपी
- ब्रिटन: 'यूके' नव्हे, जीबीआर

ऑस्ट्रिया एयूटी आणि ऑस्ट्रेलिया एयूएस. एका अक्षराने संदेश व्हिएन्नाऐवजी सिडनीच्या वाटेला लागतो. सीएचई, सीएचएन, सीएचएल म्हणजे स्वित्झर्लंड, चीन, चिली. तिघांना एका नजरेत ओळखायची सवय करा.

जुन्या नोंदवह्यांत मेलेले संकेतही सापडतात. चेकोस्लोव्हाकियाचा सीएसके १९९३ साली फुटून सीझेडई आणि एसव्हीके झाले. रुमानियाचा आरओएम २००२ मध्ये आरओयू झाला. युगोस्लाव्हियाचा वाययूजी २००३ मध्ये एससीजी झाला, आणि २००६ मध्ये त्याचेही एसआरबी आणि एमएनई असे दोन झाले. दहा-वीस वर्षांपूर्वीचा पत्ता वहीतून काढून वापरणार असाल तर देश अजून त्याच नावाने आहे का, ते बघा.

तपासणी ४: खंड दोन अक्षरी की चार अक्षरी?

इथे करार अर्धवट राहिला, आणि त्याची किंमत अजून मोजावी लागते. सुरुवातीला खंडांना दोन अक्षरे होती: ईयू, एनए, एसए, एएस, एएफ. लवकरच लक्षात आले की ही अक्षरे आधीच कुणाची तरी आहेत. एसए म्हणजे दक्षिण अमेरिका की ऑस्ट्रेलियातले साउथ ऑस्ट्रेलिया राज्य? सीए म्हणजे मध्य अमेरिका, कॅनडा की कॅलिफोर्निया? म्हणून चार अक्षरी यादी आली: युरोपसाठी ईयूआरओ, उत्तर अमेरिकेसाठी एनओएएम, दक्षिण अमेरिकेसाठी एसओएएम, मध्य अमेरिकेसाठी सीईएएम, कॅरिबियनसाठी सीएआरबी, मध्यपूर्वेसाठी एमडीएलई, आग्नेय आशियासाठी एसईएएस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी एयूएनझेड. आफ्रिकेचे तर उत्तर, मध्य, दक्षिण असे तीन तुकडे केले: एनएएफआर, सीएएफआर, एसएएफआर.

चार अक्षरी संकेत प्रदेशाच्या संकेताशी आदळत नाहीत, म्हणून आमचे मत त्यांच्या बाजूने आहे. पण दोन्ही याद्या आजही वापरात आहेत. काही सॉफ्टवेअर आपण होऊन एकीचे दुसरीत रूपांतर करतात, काही करत नाहीत.

भारताच्या बाबतीत रूपांतरही सरळ नाही. दोन अक्षरी पद्धतीत आपण एएस, म्हणजे आशिया. चार अक्षरी यादीत भारतीय उपखंड हिंदी महासागराबरोबर आयएनडीआय या विभागात आहे. एएसआयए हा संकेत पूर्व आशियासाठी आहे. त्यामुळे 'एएसचे एएसआयए करा' असा ढोबळ नियम लावणारे बीबीएस मुंबईचे टपाल टोकियोच्या रांगेत नेऊन ठेवते.

उपाय स्वस्त आहे. समोरच्या बीबीएसच्या स्वतःच्या संदेशाच्या शीर्षभागात तिचा पत्ता जसा छापून येतो, तसाच अक्षरशः उतरवून घ्या. तिने ईयू लिहिले असेल तर तुम्ही ईयूआरओ करून 'सुधारू' नका, आणि उलटही नाही.

तपासणी ५: प्रदेशाचा संकेत आणि '#'

सगळ्यांत जास्त संदेश या एका खड्ड्यात जातात.

देशाच्या आतला भाग कसा लिहायचा हे प्रत्येक देशाने आपापले ठरवले. अमेरिकेने टपालखात्याचे दोन अक्षरी राज्यसंकेत घेतले आणि जाळे तिथेच सर्वांत आधी वाढल्याने ते जगभरच्या याद्यांत जाऊन बसले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बीबीएसने पत्त्यात नुसते 'डब्ल्यूए' लिहिले, तर डावीकडून वाचणाऱ्या जुन्या बीबीएसला त्यात वॉशिंग्टन राज्य दिसते.

आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे, कारण राज्याचा संकेत म्हटले की हात सहज गाडीच्या नंबरप्लेटकडे जातो. आता या जोड्या पाहा. गोव्याचे जीए म्हणजे अमेरिकेतले जॉर्जिया. तमिळनाडूचे टीएन म्हणजे टेनेसी. अरुणाचलचे एआर म्हणजे आर्कान्सा, मणिपूरचे एमएन म्हणजे मिनेसोटा, लडाखचे एलए म्हणजे लुइझियाना. सिक्कीमचे एसके कॅनडात सस्कॅचेवान होते, नागालँडचे एनएल न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर. आसामचे एएस तर थेट आशिया खंडच होऊन बसते. महाराष्ट्राचे एमएच सुरक्षित वाटते, पण अमेरिकी टपालखात्याच्या यादीत ते मार्शल बेटांचे आहे. पणजीच्या नावाने निघालेला संदेश अटलांटात सापडला तर नवल नाही.

यावर ठरलेला इलाज म्हणजे '#'. देशाच्या आतल्या संकेताआधी हे चिन्ह लावले की त्याचा अर्थ होतो: 'हा तुकडा फक्त उजवीकडच्या घटकाच्या आत समजायचा, बाहेरच्यांनी दुर्लक्ष करावे.' म्हणजे

चूक: बीबीएस.जीए.आयएनडी.एएस
बरोबर: बीबीएस.#जीए.आयएनडी.एएस

'#जीए' आणि 'जीए' हे यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून अमेरिकेच्या यादीतल्या जॉर्जियाशी ते जुळत नाही. बाहेरचे बीबीएस पुढे सरकते, आयएनडी वाचते आणि योग्य वाटेने पाठवते. ब्रिटनमध्ये '#२३' असे आकडे '#' लावून वापरतात. नुसता आकडा धोक्याचा, कारण काही याद्यांत अमेरिकी पिनकोडांसाठी '२३*' (२३ ने सुरू होणारे काहीही) असे नमुने असतात आणि ते त्याच्याशी जुळतात. फ्रान्सने वेगळी युक्ती केली. तिथले प्रदेशसंकेत 'एफ'ने सुरू होणारे चार अक्षरी आहेत, उदाहरणार्थ एफएमएलआर, त्यामुळे कुणा राज्याशी टक्कर होण्याची शक्यताच राहत नाही.

'#' विसरणे जेवढे वाईट, तेवढेच ते भलत्या जागी लावणे. '#आयएनडी' किंवा '#ईयू' लिहिले की देश आणि खंडच बाहेरच्यांच्या दृष्टीने नाहीसे होतात. चिन्ह फक्त देशाच्या खालच्या पातळीला.

तपासणी ६: 'आर:' ओळी वाचा

इथपर्यंत काही सापडले नसेल तर संदेशाची वाट पाहायची. ज्या ज्या बीबीएसमधून संदेश जातो ती प्रत्येक बीबीएस त्याच्या माथ्यावर एक ओळ जोडते:

आर:२६०११५/०९३०झेड ४५१२@बीबीएस.#२३.जीबीआर.ईयू

वर्ष-महिना-दिवस, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, त्या बीबीएसवरचा संदेश क्रमांक आणि तिचा पूर्ण पत्ता. सर्वांत नवी ओळ वर, सर्वांत जुनी खाली. तळाची ओळ म्हणजे संदेश जिथे जन्मला ते ठिकाण, आणि उत्तर देणाऱ्याचे सॉफ्टवेअर परतीचा पत्ता बहुधा तिथूनच उचलते.

दोन गोष्टी शोधा. एक, खालून वर जाताना वाट कोणत्या ओळीनंतर भलतीकडे वळली. दोष त्या वळणाआधीच्या बीबीएसच्या यादीत आहे; ज्या परक्या बीबीएसवर संदेश जाऊन पडला तिचा काही अपराध नाही. दोन, तळाच्या ओळीतला पत्ता पूर्ण आहे का. तिथे नुसते कॉलसाइन असेल, टिंबांपुढे काहीच नसेल, तर उत्तर न येण्याचे कारण सापडले: तुमच्या बीबीएसमध्ये सिसॉपने स्वतःची उतरंड भरलेलीच नाही.

संदेश पोहोचलाच नसेल तर समोरच्याकडे 'आर:' ओळी असणार नाहीत. तेव्हा उलट दिशेने, त्याच्याकडून तुमच्याकडे, एक छोटा संदेश मागवा. जाण्याची आणि येण्याची वाट एकच असेल असे नाही, पण मधली नावे तरी कळतात.

इथून पुढच्या तपासण्या सिसॉपच्या हातातल्या. तुम्ही केवळ वापरकर्ते असाल तर इथे थांबा, 'आर:' ओळी जशाच्या तशा आपल्या सिसॉपला पाठवा आणि त्याला काम करू द्या.

तपासणी ७: दोन बीबीएस एकमेकांना काय सांगतात

दोन बीबीएस जोडल्या गेल्या की आधी चौकटी कंसात ओळख देतात, उदाहरणार्थ [एफबीबी-७.००-एबीएफएचएम$]. शेवटच्या अक्षरांचा गट म्हणजे कोणाला काय येते त्याची यादी. 'एच' असेल तर उतरंडीचा पत्ता कळतो. 'एम' म्हणजे खाजगी संदेशाचा ओळखक्रमांक, '$' म्हणजे बुलेटिनचा ओळखक्रमांक; हे चिन्ह नेहमी शेवटी असते.

एका बाजूला 'एच' नसेल तर टिंबांनंतरचा भाग त्या दुव्यावर गळून पडू शकतो. पुढच्या बीबीएसला फक्त परदेशी कॉलसाइन मिळते आणि ते कुठे पाठवायचे तिला कळत नाही. दुव्याची नोंद चालू करून पहिल्या पाच-सहा ओळी पाहिल्या की दोन मिनिटांत निकाल लागतो. जुने सॉफ्टवेअर बदलणे शक्य नसेल तर त्या दुव्यावरून फक्त स्थानिक टपाल द्या.

तपासणी ८: फॉरवर्डिंगची यादी

कोणते टपाल कोणत्या शेजाऱ्याला द्यायचे ती ही यादी. ती उघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. मग या क्रमाने पाहा.

आधी स्वतःची उतरंड. तुमच्या बीबीएसचा पत्ता मुख्य मांडणीत आणि शेजाऱ्याने तुमच्यासाठी भरलेल्या रकान्यात अक्षरशः एकच हवा. बीपीक्यूमध्ये प्रत्येक भागीदाराच्या पानावर त्याच्या पूर्ण पत्त्याचा रकाना असतो. तो रिकामा राहिला किंवा त्यात जुना पत्ता राहिला की बुलेटिनांचे गणित बिघडते.

मग तारांकित नमुने. 'आयएनडी*' लिहिणाऱ्याला भारत म्हणायचे असते, पण त्यात आयएनडीआय हा अख्खा विभागही येतो. 'आयएन*' तर इंडियाना राज्यही ओढून घेते. 'एयू*' मध्ये ऑस्ट्रेलिया देश आणि एयूएनझेड हा खंड दोन्ही सापडतात, म्हणजे न्यूझीलंडचेही टपाल त्यात आले. '*' टाळा, चालत असेल तिथे 'डब्ल्यूए.यूएसए.एनओएएम' अशी पूर्ण साखळी लिहा. चार अक्षरे जास्त टंकावी लागतात, पण टक्कर संपते.

त्यानंतर 'उरलेले सगळे अमक्याला द्या' ही ओळ. ती एका बाजूला असेल तर सोय, दोन्ही बाजूंना एकमेकांकडे बोट करणारी असेल तर चक्र. अनोळखी पत्त्याचा संदेश दोघांत फिरत राहतो, दर फेरीला 'आर:' ओळी वाढतात, आणि ३०० बॉडच्या एचएफ दुव्यावर अशा दोन-चार संदेशांनी रात्र संपते. कोणत्या बाजूची सर्वसमावेशक ओळ काढायची हे फोनवर ठरवा. दोघांनी एकाच वेळी काढली तर पुन्हा सगळे अडकते.

खाजगी संदेश आणि बुलेटिन यांचे नियम वेगळे आहेत, हेही विसरू नका. खाजगी संदेश सर्वांत जवळ जाणाऱ्या एकाच वाटेने जायला हवा. बुलेटिन आपल्या क्षेत्रात सर्वांना वाटले जाते: '@ जीबीआर' लिहिले तर ते ब्रिटनमध्ये पोहोचेपर्यंत एका वाटेने आणि तिथे पोहोचल्यावर सगळ्यांना. 'डब्ल्यूडब्ल्यू' म्हणजे सगळे जग. जागतिक बुलेटिन शेजाऱ्यापाशी थांबत असेल तर त्याच्या यादीत 'डब्ल्यूडब्ल्यू' नसणार.

तपासणी ९: पत्त्याच्या दोषासारखे दिसणारे दोन वेगळे दोष

पत्ता निर्दोष, यादी निर्दोष, 'एफ' लागतो आणि तरी संदेश गायब. मग ओळखक्रमांक पाहा. प्रत्येक संदेशाला जास्तीत जास्त बारा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, साधारण '४५१२_कॉलसाइन' असा. बीबीएस नव्याने बसवली आणि क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले, की पुढच्या बीबीएसला वाटते, 'हा तर आधीच मिळाला आहे', आणि ती संदेश देऊ करणाऱ्या प्रस्तावाला '-' (नको) असे उत्तर देते. तुमची बीबीएस मात्र काम झाले असे समजते. नवी मांडणी करताना क्रमांक जुन्याच्या पुढून, थोडे अंतर ठेवून, सुरू करा. शेवटचा ४५१२ असेल तर सरळ ६००० पासून.

दुसरे, घड्याळ. 'आर:' ओळीतली वेळ यूटीसी असते. संगणकावर भारतीय वेळ ठेवून तिलाच यूटीसी म्हटले की तुमचे सगळे शिक्के साडेपाच तास भविष्यातले होतात. व्हाइट पेजेसच्या नोंदवहीत नवी तारीख जुनीवर मात करते, त्यामुळे भविष्यातली चुकीची नोंद खरी नोंद येऊनही हटत नाही. वर्षच चुकले असेल तर ती नोंद तितकी वर्षे ठाण मांडून बसते. हाताने काढावी लागते.

तपासणी १०: करारच नसेल तर

वरचे सगळे करून दोन देशांच्या याद्या जुळत नसतील, तर दोष कुणा एकाच्या संगणकात नाही. दोन्ही बाजूंच्या सिसॉपांनी बसून ठरवायचे आहे. त्यासाठी लांबलचक मसुदा लागत नाही. पाच रकान्यांचा एक तक्ता पुरे: बीबीएसचे कॉलसाइन, '#' सहित प्रदेश, देश, दोन अक्षरी खंड, चार अक्षरी खंड. प्रत्येकाने आपली ओळ स्वतः भरायची, दुसऱ्याची भरायची नाही.

संकेत बदलायचा असेल तर जुना आणि नवा दोन्ही किमान महिनाभर चालू ठेवा. वाटेत असलेले संदेश, लोकांच्या वह्यांतले पत्ते आणि व्हाइट पेजेसमधल्या नोंदी एका रात्रीत बदलत नाहीत. शेवटी प्रत्येक जोडीने दोन्ही दिशांना एक-एक छोटा खाजगी संदेश पाठवून 'आर:' ओळींवरून खात्री करावी. त्याआधी जुना संकेत पुसू नये.

आणि शॉर्टकट नको. शेजारी 'जीईआर' पाठवतो म्हणून आपल्या यादीत 'जीईआर म्हणजे डीईयू' अशी गुपचूप ओळ टाकली, की तुमच्यापुरते काम होते आणि चूक तशीच पुढे राहते. तुमचे बीबीएस एक दिवस बंद पडले की ते सगळे टपाल अडते, आणि का अडले ते कुणालाच उमगत नाही.

कुठे थांबायचे आणि कुणाला बोलवायचे

वापरकर्त्याने सहाव्या तपासणीनंतर थांबावे. एकच संदेश पाच वेगवेगळ्या पत्त्यांनी पाठवत बसू नका. पाचही फिरत राहतात आणि सिसॉपला खरा माग सापडत नाही. त्याला संदेश क्रमांक, पाठवल्याची यूटीसी वेळ, पडद्यावरचा पूर्ण पत्ता आणि 'आर:' ओळी द्या.

सिसॉपने दुसऱ्याच्या बीबीएसची नोंद, दुसऱ्याचा प्रदेशसंकेत किंवा वाटेतल्या संदेशाचा मजकूर स्वतःहून बदलू नये. वळण जिथे चुकले तिथल्या सिसॉपला लिहा. तो उत्तर देत नसेल तर त्या देशाच्या हौशी रेडिओ संघटनेकडे विचारा. तोवर त्याच्या वाटेने जाणारे टपाल दुसऱ्या शेजाऱ्याकडून वळवणे एवढेच तुमच्या हातात आहे.

बिगर-हॅम (हौशी रेडिओचा परवाना नसलेल्या) व्यक्तीच्या नावाचा संदेश परदेशी जाणार असेल तर हात आवरा. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या कलम २५ प्रमाणे तिऱ्हाइतासाठीचे आंतरराष्ट्रीय संदेश एरवी चालत नाहीत. आणीबाणी, आपत्तीतली मदत किंवा संबंधित देशांच्या प्रशासनांची परवानगी असेल तरच चालतात. शंका असेल तर संदेश अडवून ठेवा आणि परवाना देणाऱ्या खात्याला विचारा. भारतात ते दूरसंचार विभागाचे डब्ल्यूपीसी आहे. मजकूर कळू नये म्हणून तो सांकेतिक करणेही त्याच कलमात बसत नाही.

आणि एवढे करूनही पहिल्या परिच्छेदातला संशय खरा निघाला, म्हणजे स्थानिक संदेशही तुटत असतील आणि अँटेना पाहायला मनोऱ्यावर चढणे किंवा २३० व्होल्टचा पुरवठा उघडणे भाग असेल, तर पट्टा बांधून चढणारा अनुभवी माणूस किंवा परवानाधारक वायरमन बोलवा.